रिकाम्या हातांनी देवासमोर : लिझ्यूची संत तेरेजा



देवाविषयी आपल्या मनात लहानपणापासून दोन चित्रे असतात. एक चित्र प्रेमळ पित्याचे. वाट चुकलेला मुलगा दुरून दिसताच तो धावत जाऊन त्याला मिठी मारतो. दुसरे चित्र न्यायाधीशाचे. तो परमपवित्र आहे आणि आपल्या प्रत्येक शब्दाचा व कृतीचा जाब एक दिवस विचारणार आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही दोन्ही चित्रे आपल्याला शिकवली गेली आणि दोन्ही खरी आहेत. पण ती एकाच देवाची कशी, हे कोडे पुष्कळांना आयुष्यभर सुटत नाही. मग काहीजण शिक्षेच्या धाकाने वर्षानुवर्षे पापनिवेदनाला जात नाहीत. काहीजण उलट टोकाला जातात. देव प्रेमळ आहे, तो सगळे चालवून घेईल, असे म्हणून ते पापाची फिकीरच करीत नाहीत.

जिचा सण आपण दरवर्षी १ ऑक्टोबर रोजी साजरा करतो, त्या लिझ्यूच्या संत तेरेजाला हे कोडे स्वतःच्या आयुष्यात सोडवावे लागले. तिने धर्मशास्त्राचे मोठे शिक्षण घेतले नव्हते. तिला अवघे २४ वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे तिने मठाच्या चार भिंतींत काढली. तरीही देवाची दया आणि देवाचा न्याय यांविषयी ती जे शिकली, ते आज सारी ख्रिस्तसभा तिच्याकडून शिकते आहे.

मार्टिन कुटुंबातील शेंडेफळ

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, आलेन्सॉन या गावी झाला. वडील लुई मार्टिन घड्याळे बनवीत व दुरुस्त करीत. आई झेली आलेन्सॉनच्या प्रसिद्ध लेसचा व्यवसाय सांभाळीत असे. या दांपत्याला नऊ मुले झाली, त्यांपैकी चार लहानपणीच दगावली. मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि तेरेजा अशा पाच मुली उरल्या. तेरेजा सर्वांत धाकटी. जन्मल्यावर तिची प्रकृती इतकी नाजूक होती की तिला वर्षभर खेड्यातल्या एका दाईकडे ठेवावे लागले.

ती साडेचार वर्षांची असताना, २८ ऑगस्ट १८७७ रोजी, आई स्तनाच्या कर्करोगाने वारली. त्यानंतर वडील मुलींना घेऊन लिझ्यू या गावी राहायला आले. तेथे त्यांचे नातेवाईक होते. तेरेजाने पोलीनला आपली दुसरी आई मानले. पण १८८२ साली पोलीनही कार्मेलच्या मठात गेली. तो घाव तेरेजाला सोसला नाही. पुढच्याच वर्षी ती एका विचित्र आजाराने अंथरुणाला खिळली. १३ मे १८८३ रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, खोलीतल्या पवित्र मरियेच्या पुतळ्याकडे पाहून प्रार्थना करीत असताना मरिया माउली आपल्याकडे बघून हसल्याचे तिला दिसले आणि ती बरी झाली.

या घरात देवाविषयी धाकाचे वातावरण नव्हते. वडील तिला आपली छोटी राणी म्हणत आणि तीही त्यांच्यावर जीव टाकी. स्वर्गीय पिता कसा असेल याची पहिली कल्पना तिला आपल्या वडिलांकडे पाहून आली. पण घराबाहेरची हवा वेगळी होती.

भीतीची सावली

त्या काळी फ्रान्समधील ख्रिस्तसभेवर जान्सेनिझम नावाच्या जुन्या, कडक विचारसरणीचा प्रभाव अजून टिकून होता. देव अतिपवित्र आहे, मनुष्य पूर्णपणे पतित आहे, म्हणून देवाजवळ जाताना मनुष्याने थरथर कापावे, असा तिचा रोख होता. त्यामुळे ख्रिस्तशरीर क्वचितच स्वीकारले जाई. मठातल्या धर्मभगिनींनाही ते रोज मिळत नसे. उपदेशातून नरक, मृत्यू आणि अयोग्यपणे घेतलेला पवित्र संस्कार यांवर फार भर दिला जाई.

८ मे १८८४ रोजी तेरेजाने प्रथम ख्रिस्तशरीर घेतले. तो तिच्यासाठी आनंदाचा दिवस होता. पण त्याआधीच्या तयारीच्या दिवसांत तिने ऐकलेली प्रवचने याच भीतीदायक विषयांवर होती आणि तिच्या वहीत तशी टिपणे आहेत. पुढच्या वर्षी, म्हणजे मे १८८५ मध्ये, दुसऱ्या तयारीच्या वेळी तिच्या कोवळ्या मनात भीतीने घर केले. आपला प्रत्येक विचार, प्रत्येक साधी कृती पाप तर नाही ना, अशी शंका तिला छळू लागली. हा छळ सुमारे दीड वर्ष चालला. ती आपल्या सगळ्या शंका थोरली बहीण मारीला सांगे. कोणते पाप पापनिवेदनात सांगायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे मारीच ठरवून देई.

ऑक्टोबर १८८६ मध्ये मारीही मठात गेली. आता मन मोकळे करायला कोणी उरले नाही. तेव्हा तेरेजाने आपल्या घरातल्या, लहानपणीच स्वर्गवासी झालेल्या चार भावंडांकडे धाव घेतली. धाकट्या बहिणीला मनःशांती मिळवून द्या, अशी तिने त्यांना विनवणी केली. थोड्याच दिवसांत तिचे मन निवळले. त्याच वर्षीच्या नाताळच्या रात्री तिला आणखी एक कृपा मिळाली. आईच्या मृत्यूपासून तिला चिकटलेला हळवेपणा गळून पडला आणि इतरांसाठी जगण्याची ओढ तिच्यात जागी झाली.

भीती मात्र मुळापासून गेली नव्हती. तिच्याशी तेरेजाची गाठ पुन्हा पडणार होती.

एका खुन्यासाठी प्रार्थना

१८८७ साली फ्रान्सच्या वर्तमानपत्रांत आंरी प्रांझिनी हे नाव गाजत होते. त्याने त्या वर्षीच्या मार्च महिन्यात पॅरिसमध्ये दोन स्त्रिया आणि एक लहान मुलगी अशा तिघींचा खून केल्याचा आरोप होता. जुलैमध्ये न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. त्याच्या वागण्यात पश्चात्तापाचे चिन्ह दिसत नव्हते. लोकांना तो माणूस म्हणजे साक्षात सैतान वाटत होता.

१४ वर्षांच्या तेरेजाला तो वेगळा दिसला. त्याच महिन्यात एका रविवारी क्रूसावरच्या येशूचे चित्र पाहताना तिचे लक्ष त्याच्या जखमी हातातून ओघळणाऱ्या रक्ताकडे गेले होते. हे रक्त झेलायला कोणीच नाही, या विचाराने ती व्याकूळ झाली. क्रूसाच्या पायथ्याशी उभे राहून ते झेलायचे आणि पाप्यांवर शिंपडायचे, असा तिने निश्चय केला. प्रांझिनीचे नाव कानावर येताच त्याला नरकापासून वाचवायचे, हा तिने ध्यासच घेतला. तिने छोटेमोठे त्याग केले, सेलीनला विश्वासात घेतले आणि पवित्र मिस्सा अर्पण करवली. देव त्याला क्षमा करीलच, याबद्दल तिला शंका नव्हती. तरीही मनाच्या समाधानासाठी तिने पश्चात्तापाची एक खूण मागितली.

३१ ऑगस्ट १८८७ रोजी प्रांझिनीचा शिरच्छेद झाला. वर्तमानपत्र वाचायची घरात मुलींना मनाई होती, तरीही दुसऱ्या दिवशी तिने ‘ला क्रुआ’ हे कॅथोलिक पत्र उघडले. प्रांझिनीने पापनिवेदन केले नव्हते. पण गिलोटिनखाली मान देण्यापूर्वी तो एकदम वळला, धर्मगुरूंच्या हातातला क्रूस त्याने मागून घेतला आणि त्यावरच्या जखमांचे तीन वेळा चुंबन घेतले. तेरेजाला तिची खूण मिळाली. पुढे ती प्रांझिनीला आपले पहिले मूल म्हणे आणि मठात असतानाही त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करण्याची परवानगी मागे.

या घटनेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तीन जीवांच्या हत्येला तेरेजाने कधी किरकोळ मानले नाही. पाप एवढे भयंकर आहे म्हणून तर येशूला रक्त सांडावे लागले, हे ती जाणून होती. म्हणूनच ती प्रांझिनीसाठी सबब शोधत बसली नाही. त्याने क्रूसाकडे वळावे, एवढेच तिने मागितले.

मठाच्या दाराआड

तेरेजाला पंधराव्या वर्षीच कार्मेलमध्ये जायचे होते. वयामुळे परवानगी मिळेना. वडिलांसोबत ती रोमच्या यात्रेला गेली आणि २० नोव्हेंबर १८८७ रोजी पोप तेरावे लिओ यांच्या चरणांशी बसून तिने थेट त्यांनाच विनंती केली. अखेर ९ एप्रिल १८८८ रोजी ती लिझ्यूच्या मठात दाखल झाली. बाळ येशूची व पवित्र मुखाची तेरेजा असे तिचे नाव झाले. ८ सप्टेंबर १८९० रोजी तिने व्रते घेतली.

मठातली पहिली वर्षे कष्टाची होती. ज्या वडिलांवर तिचा एवढा जीव, त्यांच्या मेंदूला विकार जडला आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना कॅन शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथे त्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ काढला. मुलगी मठात गेल्यामुळेच त्यांचे डोके फिरले, असेही लोक कुजबुजत. देव आपल्या भक्तांशी असा का वागतो, या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले नाही. पवित्र मुखाच्या तसबिरीसमोर बसून, काटे आणि थुंकी सहन करणाऱ्या येशूच्या चेहऱ्यात ती आपल्या वडिलांचा चेहरा पाहत राहिली.

मठातही देवाच्या न्यायाची चर्चा असेच. उपमठाधिकारी सिस्टर फेब्रोनी सत्तरी ओलांडलेल्या, निष्ठावान धर्मभगिनी होत्या. देवाच्या न्यायाचे हक्क आपण विसरता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. तेरेजा त्यांच्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान, पण ती देवाच्या दयेची बाजू सोडीना. शेवटी ती त्यांना म्हणाली की, तुम्हाला देवाकडून न्याय हवा असेल तर तुम्हाला न्याय मिळेल, कारण आत्मा देवाकडून जे अपेक्षितो तेच त्याला मिळते. १८९२ च्या जानेवारीत मठात फ्लूची साथ आली आणि काही दिवसांत तीन धर्मभगिनी दगावल्या. सिस्टर फेब्रोनी त्यांपैकी एक होत्या. साथीत जे मोजके जण उभे राहू शकले, त्यांत तेरेजा होती. आजाऱ्यांची सेवा आणि मृतांची शेवटची तयारी तिने केली.

या साथीच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १८९१ मध्ये, फ्रान्सिस्कन धर्मगुरू अलेक्सी प्रू वार्षिक तपसाधनेसाठी मठात आले होते. मोठ्या पाप्यांना उपदेश करण्यात त्यांची ख्याती होती, त्यामुळे कार्मेलच्या भगिनींना ते फारसे भावले नाहीत. तेरेजाचे मन त्या दिवसांत अंधारात होते. स्वर्ग खरोखर आहे की नाही, इथपर्यंत शंका तिला येत. पापनिवेदनाला बसल्यावर फार न बोलताच त्या धर्मगुरूंनी तिचे मन ओळखले. तिच्या दुबळेपणातून होणाऱ्या चुकांनी देव दुखावला जात नाही, असे त्यांनी तिला सांगितले. असे काही असू शकते, हे तिने तोवर कोणाच्याच तोंडून ऐकले नव्हते. विश्वास आणि प्रेम यांच्या लाटांवर या धर्मगुरूंनी आपले गलबत शिडे उभारून सोडून दिले, असे तिने पुढे लिहिले.

न्यायाला अर्पण की प्रेमाला?

त्या काळी काही धर्मभगिनी स्वतःला देवाच्या न्यायाला बळी म्हणून अर्पण करीत. पाप्यांवर येणारी शिक्षा माझ्यावर येऊ दे, अशी ती प्रार्थना असे. त्यामागे मोठे औदार्य होते. तेरेजाने त्या भगिनींना कधी कमी लेखले नाही, पण तिला त्या वाटेने जावेसे वाटेना.

९ जून १८९५, पवित्र त्रैक्याचा सण. मिस्साच्या वेळी तिला एक वेगळाच विचार सुचला. देवाच्या न्यायाला अर्पण होणारे आत्मे आहेत, मग देवाच्या दयेला कोणी नको का? देवाच्या हृदयात प्रेमाचा पूर दाटून आहे, तो स्वीकारायला माणसे पुढे येत नाहीत, म्हणून ते प्रेम अडून राहिले आहे, असे तिला जाणवले. मिस्सा संपताच तिने सेलीनला सोबत घेतले आणि मदर आग्नेस यांची परवानगी मागितली. सेलीन आदल्या वर्षी, वडिलांच्या निधनानंतर, मठात आली होती. मदर आग्नेस म्हणजेच पोलीन, त्या वेळच्या मठाधिकारी. ११ जून रोजी दोघी बहिणींनी, पूर्वी घरात असलेल्या त्याच मरिया माउलीच्या पुतळ्यापुढे, दयामय प्रेमाला आत्मार्पण केले.

या अर्पणाच्या प्रार्थनेत आपल्या कोड्याचे उत्तर आहे. तेरेजा देवाला सांगते की, आयुष्याच्या संध्याकाळी मी तुझ्यासमोर रिकाम्या हातांनी उभी राहीन. माझी सत्कृत्ये मोजू नकोस, कारण आमच्या उत्तमातल्या उत्तम कृत्यांवरही तुझ्या दृष्टीने डाग आहेत. म्हणून मला तुझ्याच नीतिमत्त्वाचे वस्त्र नेसव. ती देवाच्या न्यायासनापासून पळून जात नाही. त्याच्यासमोर ती उभी राहते, पण स्वतःच्या पुण्याईवर विसंबत नाही. देव जी पवित्रता मागतो, ती त्यानेच द्यावी, असे ती म्हणते.

पुढे तिने थोरल्या मारीलाही हे अर्पण करण्याविषयी सुचवले. दोघी कुरणात वाळके गवत गोळा करीत होत्या. मारीने साफ नकार दिला. आपण बळी म्हणून पुढे झालो तर देव खरेच दुःखे पाठवील, आणि दुःखाची तर आपल्याला धास्ती वाटते, असे ती म्हणाली. आपल्यापैकी कितीजणांच्या मनातली भीती मारीने बोलून दाखवली! तेरेजाने तिला समजावले की हे अर्पण न्यायाला नसून दयेला आहे, आणि दयेपासून भिण्यासारखे काही नाही. मारीने पुढे ते अर्पण केले. सिस्टर मारी ऑफ द ट्रिनिटी या तरुण भगिनीलाही ते करायचे होते, पण ऐनवेळी आपण अपात्र आहोत असे तिला वाटू लागले. आपली अपात्रता ओळखणे हीच तर या अर्पणाची तयारी आहे, असे तेरेजाने तिला सांगितले.

प्रेम म्हणजे सवलत नव्हे

यावरून कोणाला वाटेल की तेरेजाचा मार्ग सोपा आणि सैल आहे. तिच्या हाताखाली शिकणाऱ्या नवभगिनींना मात्र तसे कधीच वाटले नाही. १८९३ पासून ती त्यांच्या शिक्षणात मदत करीत असे. त्यांची एकही चूक ती नजरेआड होऊ देत नसे. कोणाला रागे भरण्यापेक्षा स्वतः हजार बोल ऐकलेले तिला परवडत, तरीही ती सांगायचे ते सांगे. सिस्टर मारी ऑफ द ट्रिनिटी फार रडत असे. तेरेजाने तिला रंगकामासाठी वापरायचा एक शिंपला दिला आणि रडू आले की अश्रू त्यात गोळा करायला सांगितले. एवढ्याशा शिंपल्यात अश्रू धरण्याच्या खटपटीत तिचे रडू आपोआप थांबे.

स्वतःविषयीही तेरेजा गाफील नव्हती. संत व्हायची तिला तीव्र इच्छा होती, पण संतांशी तुलना केली की आपण डोंगरापुढे वाळूचा कण आहोत असे तिला वाटे. रोमच्या यात्रेत तिने लिफ्ट पाहिली होती. श्रीमंतांच्या घरी जिने चढावे लागत नाहीत, लिफ्ट वर नेते. पवित्रतेचा उंच जिना चढायला आपण फार लहान आहोत, तेव्हा येशूचे बाहू हीच आपली लिफ्ट, असे तिने ठरवले. पण जायचे होते ते वरच. पवित्रतेची उंची तिने एका पायरीनेही कमी केली नाही.

देवाचे प्रेम तिला आगीसारखे वाटे. लोखंड आगीत शिरते तेव्हा आग त्याला आपल्यासारखे करून टाकते. ही आग शुद्धिस्थानापेक्षाही अधिक शुद्ध करते, असा तिचा विश्वास होता. देव प्रेम करतो म्हणजे तो आपला मळ खपवून घेतो, असे तिने मानले नाही. तो मळ जाळून टाकण्याइतका देव आपल्या जवळ येतो.

मे १८९७ मध्ये तिने चीनमधील मिशनरी फादर रुलाँ यांना एक पत्र लिहिले. मठाने त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याची जबाबदारी तेरेजाकडे सोपवली होती. दरोडेखोरांच्या हातून मरण आले तर आपण थेट स्वर्गात जाऊ का, अशी शंका त्यांना होती. तेरेजाने उत्तरात लिहिले की, देवाच्या ज्या न्यायाने अनेकांना धडकी भरते, तोच न्याय तिला आनंद देतो. न्यायी असणे म्हणजे केवळ अपराध्याला दंड करणे नव्हे, माणसाचा हेतू ओळखणे हेही न्यायातच येते. देव न्यायी आहे म्हणूनच तो आपला दुबळेपणा हिशेबात धरतो. आपण मातीचे आहोत हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. म्हणून ती देवाच्या दयेकडून जितकी आशा धरी, तितकीच त्याच्या न्यायाकडूनही धरी.

पाप्यांच्या पंगतीला

हे सारे लिहिणारी तेरेजा तेव्हा मरणाच्या दारात होती. २ एप्रिल १८९६ च्या रात्री, म्हणजे पवित्र गुरुवारी, तिला रक्ताची उलटी झाली. दिवा विझवलेला होता. रुमाल रक्ताने भरला आहे की काय, हे पाहण्यासाठी तिने सकाळपर्यंत वाट पाहिली. तो क्षयरोग होता.

त्यानंतर आलेल्या ईस्टरच्या दिवसांत तिच्या आत्म्यावर काळोख पसरला. लहानपणापासून स्वर्गाचा विचार तिला आनंद देई, आता त्या जागी जणू भिंत उभी राहिली. मरणानंतर काहीच नाही, असा आवाज तिला आतून टोचत राही. या काळात तिने विश्वासांगीकार आपल्या रक्ताने लिहून काढला आणि तो ती हृदयाशी बाळगत असे. आधी साऱ्या आयुष्यात केले नसतील इतके श्रद्धेचे उच्चार तिने त्या एका वर्षात केले.

या अंधाराचा अर्थ तिने आपल्या पद्धतीने लावला. खरोखरच विश्वास नसलेली माणसे असतात, हे तिला तोवर खरे वाटत नसे. आता आपण त्यांच्याच पंगतीला बसलो आहोत, दुःखाची भाकर त्यांच्यासोबत खात आहोत, असे तिला वाटले. त्या पंगतीतून उठायची तिने घाई केली नाही. पाप्यांना ती आपले भाऊ म्हणे आणि त्यांच्यासोबत स्वतःसाठीही दया मागे. १४ व्या वर्षी तिने क्रूसापाशी उभे राहून प्रांझिनीसाठी प्रार्थना केली होती. आता ती त्याच्यासारख्यांच्या शेजारी बसली होती.

जुलै १८९७ मध्ये तिला मठातील रुग्णखोलीत हलवले. आपली आठवणींची वही तिने शेवटी पेन्सिलीने लिहिली, पेन धरवत नव्हते म्हणून. प्राणघातक पापापासून देवाने तिला राखले होते, पण देवावरचा तिचा भरवसा त्यावर आधारलेला नव्हता, हे तिला स्पष्ट सांगायचे होते. जगातली सगळी पापे आपल्या हातून घडली असती, तरी पश्चात्तापाने विदीर्ण झालेल्या अंतःकरणाने आपण येशूच्या मिठीत झेप घेतली असती, असे तिने लिहिले. मदर आग्नेस यांनाही तिने हेच सांगून ठेवले: पेटलेल्या भट्टीत पाण्याचा थेंब पडावा, तशी ती सारी पापे देवाच्या प्रेमात नाहीशी झाली असती.

३० सप्टेंबर १८९७ रोजी संध्याकाळी, हातातल्या क्रूसाकडे पाहत, देवावर आपले प्रेम असल्याचे सांगून तिने प्राण सोडला. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे काही सापडेल का, असा प्रश्न मठातल्या एका भगिनीला काही दिवस आधीच पडला होता!

ख्रिस्तसभेची साक्ष

बरोबर एका वर्षाने, ३० सप्टेंबर १८९८ रोजी, तिच्या वह्या ‘एका आत्म्याची कथा’ या नावाने पुस्तकरूपात आल्या. सुरुवातीला २००० प्रती छापल्या होत्या. पुढे ते पुस्तक अनेक भाषांत जगभर गेले. पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्ये ख्रिस्तशरीर वारंवार, अगदी दररोज घेण्यास उत्तेजन दिले आणि १९१० मध्ये समजत्या वयाच्या मुलांसाठीही हे दार उघडले. रोज ख्रिस्तशरीर मिळावे, ही तेरेजाची जुनी तळमळ होती. ती तिच्या हयातीत फळाला आली नाही, तिच्यामागे आली.

१७ मे १९२५ रोजी पोप अकरावे पायस यांनी तिला संत घोषित केले आणि १९२७ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने मिशन कार्याची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केले. मठाबाहेर पाऊल न टाकलेली ही भगिनी गोव्यात प्रभूची सुवार्ता घेऊन आलेल्या महान मिशनऱ्याच्या शेजारी बसली. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी आपले धर्मभगिनीचे नाव तिच्यावरूनच घेतले होते. १९ ऑक्टोबर १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेरेजाला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविले. हा मान मिळालेली ती तिसरी स्त्री. तिचे आईवडील लुई आणि झेली २०१५ मध्ये संत घोषित झाले. २०२३ साली पोप फ्रान्सिस यांनी देवाच्या दयामय प्रेमावरील भरवसा या विषयावर एक पत्रच तिच्या नावे प्रसिद्ध केले.

आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, काहीजण पापनिवेदनाची खुर्ची दुरून पाहतात आणि मागे फिरतात. इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने जायचे, असे त्यांना वाटते. त्यांनी प्रांझिनीला आठवावे. त्याच्याकडे दाखवायला एकही चांगले कृत्य नव्हते आणि वेळही उरला नव्हता. फक्त क्रूसाकडे वळणे त्याच्या हातात होते. आपल्याजवळ तर आज धर्मगुरू आहेत, संस्कार आहे आणि वेळही आहे.

काहीजण देवाच्या प्रेमावर हवाला ठेवून बेफिकीर राहतात. त्यांनी नवभगिनीच्या हातातला तो शिंपला आठवावा. ज्याच्यावर प्रेम असते त्याला आपण आहे तसाच सोडून देत नाही. देवही आपल्याला सोडत नाही. उसनवारी बुडवलेली असेल, भावाभावांत जमिनीवरून अबोला असेल, घरात कोणावर अन्याय झाला असेल, तर तो ते आपल्याकडून दुरुस्त करून घेईल. कारण तो जसा आपल्यावर प्रेम करतो, तसाच आपल्या हातून दुखावलेल्या त्या भावाबहिणीवरही करतो. त्याचा न्याय म्हणजे त्यांच्यावरचे त्याचे प्रेमच.

आणि जे इमानेइतबारे धडपडतात, पडतात, पुन्हा उठतात, त्यांनी आपल्या रिकाम्या हातांची लाज बाळगू नये. रोज संध्याकाळी झोपण्यापूर्वी ते हात देवासमोर उघडे धरावेत. भरलेल्या हातांत देव काय ठेवणार?

बाळ येशूच्या संत तेरेजा, देवाच्या न्यायाला न भिता आणि त्याच्या प्रेमाला गृहीत न धरता जगण्याची कृपा आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबासाठी मागून घे. आमेन.